डीएनएची जुळणी आणि वंशाचा शोध

आपले पूर्वज कोण, ते कोठून आले आणि आपल्या नात्यागोत्याचा विस्तार कोठवर पोहोचतो, ही जिज्ञासा मनुष्याच्या ठायी फार जुनी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळ्या व हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळल्या म्हणजे यात्रेकरूंनी पिढ्यान् पिढ्या लिहविलेली कुळांची नावे तेथे आढळतात. अलीकडच्या काळात या जुन्या साधनांच्या जोडीला एक नवे साधन आले आहे. थोडीशी लाळ एका नळीत भरून प्रयोगशाळेकडे धाडली, म्हणजे काही आठवड्यांनी एक यादी हाती येते. ज्यांच्या डीएनएचा काही भाग आपल्या डीएनएशी जुळतो, अशा माणसांची ती यादी असते. प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो, आणि बहुधा एका नात्याचा अंदाजही दिलेला असतो.

ही यादी वाचणाऱ्याचा प्रथम असा समज होतो की, नात्याचा निवाडा झाला. विज्ञानाने उत्तर दिले. आता जुन्या कागदांची व वडीलधाऱ्यांच्या आठवणींची गरज उरली नाही. हा समज बरोबर नाही. डीएनएची जुळणी नात्याचे माप सांगते, नात्याचे नाव सांगत नाही. ते नाव शोधण्यासाठी कागदपत्रे, वये, स्थळे आणि इतर नातलगांच्या चाचण्या यांची साक्ष काढावी लागते. ही गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून प्रथम एका गाजलेल्या वादाची हकीकत पाहणे इष्ट होईल.

माँटिसेलोचा वाद

थॉमस जेफरसन हे अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे प्रमुख लेखक आणि त्या देशाचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. व्हर्जिनिया प्रांतातील माँटिसेलो येथे त्यांची मोठी शेतीवाडी होती व तेथे शेकडो गुलाम राबत. त्यांपैकी सॅली हेमिंग्ज नावाच्या स्त्रीची अपत्ये ही जेफरसन यांचीच होत, असा आरोप 1802 मध्ये एका वृत्तपत्रातून जाहीरपणे करण्यात आला. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने 1873 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात हीच गोष्ट सांगितली. जेफरसन यांच्या वैध नातवंडांनी मात्र ती नाकारली. त्यांचे म्हणणे असे की, या मुलांचा पिता जेफरसन यांच्या बहिणीच्या पीटर व सॅम्युएल कार या दोन मुलांपैकी कोणी तरी होता. हेमिंग्ज घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट एकीकडे आणि मान्यवर इतिहासकारांचा अविश्वास दुसरीकडे, असा हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. गुलामांच्या वंशजांपाशी दाखविण्यासारखे कागद फारसे नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय जनगणनेत पूर्वी गुलाम असलेल्या लाखो माणसांची नावे प्रथम नोंदली गेली ती 1870 मध्ये. त्यापूर्वी गुलामांच्या गणनेत मालकाचे नाव असे व गुलामाचे केवळ वय, लिंग आणि वर्ण.

1998 मध्ये या वादात डीएनएची साक्ष काढण्यात आली. पुरुषाच्या पेशीत वाय नावाचे एक गुणसूत्र असते. ते पित्याकडून पुत्राला बहुतांशी जसेच्या तसे मिळते. कन्येला ते मिळत नाही. म्हणून अखंड पुरुषवंशातील सर्व माणसांचे वाय गुणसूत्र जवळजवळ एकसारखे असते. जेफरसन यांना वैध असा जो पुत्र झाला तो बालपणीच वारला. यास्तव त्यांच्या सख्ख्या चुलत्याच्या, फील्ड जेफरसन याच्या, पुरुषवंशातील पाच जणांचे नमुने घेण्यात आले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या पुरुषवंशातील एका व्यक्तीचा नमुना त्यांच्याशी ताडून पाहिला. तो जुळला. कार घराण्याच्या वंशजांचे नमुने मात्र जुळले नाहीत.

येथे मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भावाचा मुलगा तो पुतण्या आणि बहिणीचा मुलगा तो भाचा, असा भेद आपली भाषा करते. इंग्रजीत दोघांसाठी एकच शब्द आहे. या चाचणीत नेमका हाच भेद निर्णायक ठरला. भाच्याकडे मामाचे वाय गुणसूत्र येत नाही. त्याच्याकडे त्याच्या स्वतःच्या वडिलांचे येते. म्हणून कार बंधू, म्हणजे जेफरसन यांचे भाचे, एस्टनचे पिता असण्याची शक्यता बाद झाली. परंतु जेफरसन यांचा धाकटा भाऊ रॅन्डॉल्फ आणि त्याचे मुलगे, म्हणजे जेफरसन यांचे पुतणे, यांच्यातही तेच गुणसूत्र होते. एस्टनचा पिता जेफरसन कुळातील पुरुष होता एवढेच चाचणीने सिद्ध केले. त्या कुळातील कोणता पुरुष, हे सांगण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. हा निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला तेव्हा लेखाच्या मथळ्यात जेफरसन हेच पिता असल्याचे निःशंकपणे म्हटले होते. पुढे 1999 च्या आरंभी, मथळ्याने पुराव्यापेक्षा अधिक सांगितले, असे संशोधकांनीच मान्य केले.

मग निर्णय कशाने झाला? तो कागदांनी झाला. जेफरसन आपल्या शेतीच्या, प्रवासाच्या व खर्चाच्या नोंदी अत्यंत काटेकोरपणे ठेवीत. सॅलीच्या प्रत्येक अपत्याच्या जन्मापूर्वी, गर्भधारणेच्या सुमारास, ते माँटिसेलो येथे होते असे त्या नोंदींवरून दिसते. ते तेथे नसताना तिला गर्भ राहिल्याचे एकही उदाहरण आढळत नाही. शिवाय सॅलीच्या हयात अपत्यांना पुढे गुलामगिरीतून मोकळीक मिळाली, आणि मॅडिसनचे आत्मवृत्त तर होतेच. डीएनए, नोंदवह्या आणि घराण्याची स्मृती या तिन्ही साक्षी एकत्र तोलून माँटिसेलोची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने जानेवारी 2000 मध्ये असा निर्वाळा दिला की, जेफरसन हे एस्टनचे पिता असण्याची संभाव्यता फार मोठी आहे आणि सॅलीच्या सर्व ज्ञात अपत्यांचे पिताही बहुधा तेच होते. काही अभ्यासकांनी 2001 मध्ये याहून भिन्न मत मांडले. तथापि आज बहुसंख्य इतिहासकार वरील निष्कर्ष मान्य करतात.

याच चाचणीने दुसऱ्या एका घराण्याची निराशा केली, हेही सांगितले पाहिजे. थॉमस वुडसन हा सॅली व जेफरसन यांचा थोरला मुलगा होता, अशी वुडसन घराण्यातील परंपरा होती. त्याच्या वंशजांचे वाय गुणसूत्र जेफरसन कुळाशी जुळले नाही. घराण्याच्या आठवणी सर्वस्वी त्याज्य नव्हेत आणि सर्वस्वी प्रमाणही नव्हेत, हा धडा या दोन उदाहरणांतून एकदमच मिळतो.

दोन पोथ्यांचा दृष्टांत

वाय गुणसूत्र एकाच रेषेचा माग दाखविते. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येक माणसाच्या वंशवृक्षात पूर्वजांची 1,024 स्थाने असतात. वाय गुणसूत्र त्यांतील केवळ एका पुरुषाकडे बोट दाखविते. त्याचप्रमाणे पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए केवळ मातेकडून मिळतो व मातेच्या मातेच्या मातेकडे, अशा एकाच स्त्रीपरंपरेकडे नेतो. उरलेल्या साऱ्या पूर्वजांचा वारसा 22 जोड्यांच्या सामान्य गुणसूत्रांत साठविलेला असतो. आजच्या वंशशोधातील याद्या प्रामुख्याने याच गुणसूत्रांवर आधारलेल्या असतात.

हा वारसा पुढच्या पिढीकडे कसा जातो हे समजण्यास एक दृष्टांत उपयोगी पडेल. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या एका लेखनिकापुढे आहेत; एक त्याला वडिलांकडून मिळाली, दुसरी आईकडून. मजकूर बहुतांशी तोच, पण पाठभेद अनेक. लेखनिकाला आपल्या अपत्यासाठी एकच प्रत करावयाची आहे. तो काही पाने पहिल्या पोथीवरून उतरवतो, मध्येच दुसरी पोथी घेतो, काही पाने तिच्यावरून उतरवून पुन्हा पहिलीकडे वळतो. अशी जी मिश्र प्रत तयार होते ती अपत्याला मिळते. दुसऱ्या अपत्यासाठी तो नवी प्रत करतो, आणि त्या वेळी पोथ्यांची अदलाबदल निराळ्या पानांवर होते. गुणसूत्रांच्या बाबतीत हेच घडते. पुरुषबीज घडताना अशी अदलाबदल सरासरीने 25 ते 30 ठिकाणी व स्त्रीबीज घडताना 40 ते 45 ठिकाणी होते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, सख्ख्या भावंडांनाही आजी-आजोबांच्या पोथ्यांतील पाने सारख्याच वाटणीने मिळत नाहीत. दुसरी अशी की, पिढ्या जसजशा वाढत जातात तसतसे एका पूर्वजाच्या पोथीतील सलग पानांचे गठ्ठे लहान होत जातात. दोन माणसांच्या पोथ्यांत लांबच लांब सलग पाने अगदी सारखी आढळली, तर ती त्यांना जवळच्या समान पूर्वजाकडून मिळाली असावीत. सारखेपणा तुटक व आखूड असेल, तर तो पूर्वज फार मागचा असेल, अथवा तो सारखेपणा केवळ योगायोगाचा असेल.

सेंटीमॉर्गनचे माप

कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएतील सुमारे 99.9 टक्के अक्षरे सारखीच असतात. म्हणून प्रयोगशाळा संपूर्ण पोथी वाचत नाही. जेथे पाठभेद आढळतात अशा काही लक्ष जागा तेवढ्या ती तपासते आणि सलग जुळणारे खंड शोधते. या खंडांची लांबी सेंटीमॉर्गन या एककात सांगतात. ज्या दोन जागांमध्ये एका पिढीत अदलाबदल होण्याची शक्यता शंभरात एक असते, त्यांच्यामधील अंतर सुमारे एक सेंटीमॉर्गन होय. गुणसूत्रांवरील संशोधनासाठी 1933 चे नोबेल पारितोषिक मिळविणारे टॉमस हंट मॉर्गन यांच्या सन्मानार्थ हे नाव जे. बी. एस. हॉल्डेन यांनी सुचविले. हेच हॉल्डेन 1957 मध्ये भारतात स्थायिक झाले व 1964 मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

निरनिराळ्या नात्यांत सरासरीने किती सेंटीमॉर्गन समान आढळतात व ते प्रमाण कोणत्या मर्यादांत हेलकावते, हे हजारो ज्ञात नात्यांच्या नोंदींवरून ठरविण्यात आले आहे. स्थूल आकडे पुढीलप्रमाणे आहेत:

आई किंवा वडील व अपत्य: सुमारे 3,450.
सख्खी भावंडे: सरासरी 2,600, मर्यादा सुमारे 1,600 ते 3,500.
आजी-आजोबा व नातवंड. काका, आत्या, मामा, मावशी व पुतणे-भाचे. आई किंवा वडील यांपैकी एकच समान असलेली सावत्र भावंडे: सरासरी 1,750. मर्यादा सुमारे 1,000 ते 2,400.
आजी-आजोबा समान असलेली चुलत, आते, मामे व मावस भावंडे: सरासरी 870, मर्यादा सुमारे 400 ते 1,400.
पणजी-पणजोबा समान असलेली भावंडे: सरासरी 230, मर्यादा सुमारे 40 ते 590.
खापरपणजी-खापरपणजोबा समान असलेली भावंडे: सरासरी 70, मर्यादा शून्य ते सुमारे 230.

हा तक्ता नीट पाहिला म्हणजे जुळणीची मर्यादा आपोआप ध्यानी येते. 1,750 हा आकडा आजोबांचा असू शकतो, मावशीचा असू शकतो आणि सावत्र भावाचाही असू शकतो. 500 हा आकडा आजी-आजोबा समान असलेल्या भावंडांत पडू शकतो आणि पणजी-पणजोबा समान असलेल्यांतही. जवळचे नाते सोडून दूर जावे तसतशी एका आकड्यात बसणारी नाती वाढत जातात. सात-आठ सेंटीमॉर्गनहून लहान अशा एकाकी खंडांवर तर नात्याचा डोलारा उभारूच नये. त्यांतील पुष्कळसे खंड योगायोगाने जुळलेले असतात.

चुलत, आते, मामे, मावस

वरील तक्त्यात चुलत, आते, मामे व मावस ही चारही भावंडे एकाच ओळीत आली आहेत. सामान्य गुणसूत्रांच्या दृष्टीने त्यांच्यात भेद नाही. वंशशोध करणाऱ्याला मात्र हाच भेद सर्वांत महत्त्वाचा असतो. कारण जुळणारा माणूस वडिलांच्या बाजूचा की आईच्या, हे कळल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

या कामी इतर दोन प्रकारच्या डीएनएचे साहाय्य होते. दोन भावांच्या मुलांत, म्हणजे चुलत भावांत, वाय गुणसूत्र समान असते. दोन बहिणींच्या मुलांत, म्हणजे मावस भावंडांत, तंतुकणिकांचा डीएनए समान असतो. आते-मामे भावंडांत या नात्यामुळे यांपैकी काहीच समान नसते, कारण त्यांना जोडणारी रेषा भाऊ व बहीण यांच्यातून जाते. समजा, दोन पुरुषांत 870 सेंटीमॉर्गनची जुळणी आढळली व त्यांचे वाय गुणसूत्र निराळे निघाले. तर ते चुलत भाऊ नव्हेत, हे निश्चित झाले. ते मावस भाऊ की आते-मामे भाऊ, हे पाहण्यास तंतुकणिकांची चाचणी उरतेच.

एका जुळणीचा उलगडा

आता प्रत्यक्ष शोध कोणत्या क्रमाने करावा, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. तीस वर्षांच्या एका तरुणाच्या यादीत सुमारे 65 वर्षांचे एक अपरिचित गृहस्थ आले. जुळणी 430 सेंटीमॉर्गनची. या आकड्यात वडिलांचे किंवा आईचे चुलत-मामे भावंड बसते. स्वतःच्या चुलत भावंडाचे अपत्य बसते. आणखीही काही नाती बसतात. वय पाहता अपत्याची कल्पना सोडावी लागते.

पुढची पायरी म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांची चाचणी. वडील माणसे एक पिढी मागे असल्यामुळे त्यांच्यात पूर्वजांचा अंश अधिक असतो. शिवाय त्यांची चाचणी पुढे ढकलली तर संधी कायमची जाते. तरुणाची आत्या व मावशी यांनी चाचणी करण्यास संमती दिली. मावशीची त्या गृहस्थांशी जुळणी झाली नाही. आत्याची 860 सेंटीमॉर्गनची झाली. म्हणजे ते आत्याचे चुलत, आते, मामे किंवा मावस भाऊ असावेत. दोघांचे आजी-आजोबा एकच असावेत. आता ते आत्याच्या वडिलांकडचे की आईकडचे, एवढा प्रश्न उरला. आत्याच्या मामांच्या मुलीने चाचणी केली. तिची आत्याशी अपेक्षेप्रमाणे जुळणी झाली, त्या गृहस्थांशी मात्र मुळीच नाही. तेव्हा मामांचे कुळ बाजूला पडले आणि शोध तरुणाच्या पणजोबांपर्यंत येऊन ठेपला. अशा रीतीने समान जुळण्यांचे गट पाडीत जाणे, ही या शास्त्रातील मुख्य युक्ती होय.

येथे डीएनएचे काम संपले आणि कागदांचे सुरू झाले. तलाठी दप्तरातील जुन्या फेरफारात पणजोबांच्या मृत्यूनंतरची वारस-नोंद सापडली. घरात सांगितल्या जाणाऱ्या वंशावळीत पणजोबांना दोन मुलगे होते. नोंदीत नावे तीन होती. तिसरा मुलगा तरुणपणीच गाव सोडून गेला होता, आणि त्याचे नाव त्या गृहस्थांच्या वडिलांच्या नावाशी, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावरील मूळ गावाच्या नावाशी जुळत होते. गृहस्थांचे वाय गुणसूत्र तरुणाच्या वाय गुणसूत्राशी जुळते की नाही, हे पाहणे आता शेवटचा पडताळा ठरेल. डीएनएने कोणत्या दारी जावे हे सांगितले; दार उघडले ते कागदाने.

नात्यात नाते

वर दिलेला तक्ता एक गोष्ट गृहीत धरतो: दोन माणसांना जोडणारी वाट एकच आहे. आपल्या देशात हे गृहीत पुष्कळदा टिकत नाही. दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केले, तर त्यांची मुले एकमेकांची चुलत भावंडेही होतात व मावस भावंडेही. चारही आजी-आजोबा समान असल्याने त्यांच्यातील समान डीएनए सुमारे दुप्पट होतो आणि आकडा सावत्र भावंडांचा भास निर्माण करतो. महाराष्ट्रात व दक्षिण भारतात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी आहे. अशा दांपत्याची मुले आईच्या भावाच्या मुलांची आते-भावंडे तर असतातच, शिवाय वडिलांकडूनही त्यांचे एक पिढी दूरचे नाते लागते. 870 आणि 230 मिळून सरासरी सुमारे 1,100 पर्यंत जाते. हे न जाणता केवळ तक्ता पाहणारा माणूस भलत्याच नात्याच्या मागे लागेल.

याहून खोल परिणाम शतकानुशतकांच्या जातींतर्गत विवाहांचा आहे. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील 263 समूह तपासण्यात आले. त्यांपैकी 81 समूह थोड्याच मूळ पूर्वजांपासून वाढलेले असून, त्यांच्यातील हा परिणाम फिनलंडचे लोक व अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही तीव्र असल्याचे आढळले. अशा समूहातील दोन अनोळखी माणसांतही अनेक लहान लहान खंड जुळतात. त्यांची बेरीज फुगते आणि पंधरा-वीस पिढ्यांपूर्वीचे नाते चार पिढ्यांपूर्वीचे वाटू लागते. म्हणून येथे बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग खंड किती मोठा आहे, याकडे अधिक लक्ष द्यावे. एकूण 90 सेंटीमॉर्गन दहा-बारा तुकड्यांत विखुरलेले असणे आणि तेच दोन मोठ्या खंडांत असणे, यांचे अर्थ फार निराळे आहेत.

जुळणी न मिळणे

जुळणी मिळाली नाही म्हणजे नाते नाही, असा उलट निष्कर्षही घाईचा ठरतो. खापरपणजोबा समान असलेल्या भावंडांच्या दर दहा जोड्यांपैकी सुमारे एका जोडीत ओळखू येण्याजोगा एकही समान खंड नसतो. त्याच्याही एक पिढी पलीकडे गेले तर सुमारे निम्म्या जोड्यांची हीच स्थिती असते. त्यांचे नाते खरे असते; फक्त लेखनिकाने त्या पूर्वजाची नेमकी तीच पाने उतरवलेली नसतात.

दुसरे कारण असे की, ज्यांनी चाचणी केली आहे तेच यादीत येऊ शकतात. मॉरिशसमधील मराठी भाषक समाजाचे उदाहरण येथे घेता येईल. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारे पाच लाख भारतीय मजूर करारबद्ध होऊन त्या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील व आसपासच्या प्रदेशांतील कुटुंबे होती. त्यांच्या वंशजाने आज चाचणी केली, तर यादीत मॉरिशसमधील, किंवा तेथून पुढे इंग्लंड-फ्रान्सला गेलेले नातलग प्रामुख्याने दिसतील. कोकणातील मूळ गावी राहिलेल्या शाखेतील कोणी चाचणीच केली नसेल, तर ती शाखा यादीत अदृश्य राहील. अशा वेळी त्या देशातील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आगमनाच्या नोंदवह्या, त्यांतील मजुराचे, त्याच्या वडिलांचे व गावाचे नाव, हाच खरा दुवा होतो.

सत्य आणि जबाबदारी

वंशशोधात जी माहिती हाती येते ती निर्जीव आकड्यांची नसते. ज्याला जन्मभर वडील म्हटले तो जन्मदाता नव्हे. एखादे मूल दत्तक होते. एखादा भाऊ असून तो कुटुंबाला ठाऊक नव्हता: अशा गोष्टी या याद्यांतून उघड होतात. म्हणून चाचणीपूर्वीच स्वतःला विचारावे की, अनपेक्षित उत्तर आले तर ते पेलण्याची आपली व आपल्या घरच्यांची तयारी आहे काय? पितृत्व हे केवळ गुणसूत्रांचे नाते नसते, हे कायद्यानेही ओळखले आहे. विवाहबंधनात जन्मलेले अपत्य वैध मानावे, हे 1872 च्या पुरावा कायद्यातील तत्त्व 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. आणि डीएनए चाचणीचा आदेश सरसकट देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटले आहे.

शिवाय एका माणसाची चाचणी ही त्याच्या एकट्याची नसते. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील पोलिसांनी अनेक दशके न सापडलेल्या एका खुन्याचा माग काढला, तो त्याच्या दूरच्या नातलगांच्या जुळण्यांवरून. गुन्हेगार सापडला हे योग्यच झाले. परंतु त्या नातलगांनी नळीत लाळ भरली तेव्हा आपण कुळातील एका अज्ञात माणसाविषयी साक्ष देत आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती. 2025 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचे पुढे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. यास्तव वडीलधाऱ्यांची चाचणी करविताना त्यांना सर्व गोष्टी समजावून सांगणे, लहान मुलांचे नमुने उगाच न देणे, आणि जिवंत माणसांविषयी कळलेली गुप्त गोष्ट त्यांच्या संमतीवाचून प्रकट न करणे, हे संशोधकाचे कर्तव्य होय.

या साऱ्याचा अर्थ असा नव्हे की, हे साधन दुर्बल आहे. हेमिंग्ज घराण्यातील आजीने नातवाला सांगितलेली गोष्ट जवळजवळ दोन शतके खोटी मानली गेली. त्यांच्यापाशी जमीन नव्हती, दप्तर नव्हते, कोर्टात उभे राहण्याचा अधिकारही नव्हता. तरीही प्रत्येक पेशीत एक नोंद शिल्लक होती, आणि तिने साक्ष दिली. मात्र ती साक्ष पुरी झाली ती मालकाच्याच रोजकीर्दीशी व मॅडिसनच्या शब्दांशी ताडून पाहिल्यावर. ज्याला आपल्या कुळाचा शोध घ्यावयाचा आहे, त्याने चाचणीची यादी उघडण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसावे, आणि त्याला आठवतील ती नावे, गावे व वर्षे लिहून घ्यावीत. पुढे येणाऱ्या प्रत्येक आकड्याचा अर्थ त्या वहीच्या आधारानेच लागणार आहे.